कपाटातले सहा मायक्रोस्कोप : प्रकल्प नोंदी

१५ जून २०२४

शाळा आज सुरू झाली. प्रयोगशाळेतलं मागच्या भिंतीचं कपाट शाळेच्या शिपाईमामांनी उघडून दिलं. कडी इतकी गंजली होती की हातोडी लागली. आत सहा मायक्रोस्कोप निघाले. चार लाकडी खोक्यांत, दोन नुसतेच, प्लास्टिकच्या पिशव्या चढवलेले. जडसंग्रह रजिस्टरात सहाही नोंदींपुढे एकच शेरा आहे : नादुरुस्त.

आमच्याकडे पेशीचं प्रात्यक्षिक गेली कित्येक वर्षं तक्त्यावर आणि फळ्यावरच्या आकृतीवर भागतंय. मीही तसंच शिकवलंय, आणि ते मला सलतंय. तेव्हा ठरवलं, गणपतीच्या सुट्टीपर्यंत निदान चार चालू करायचे आणि नववीतल्या प्रत्येकाने स्वतः पाहिलेली पेशी जर्नलात काढायची. शनिवारी शाळा सुटल्यावर प्रयोगशाळा वापरायला मुख्याध्यापकांनी परवानगी दिली आहे.

ऑइलपेंटने १ ते ६ आकडे टाकले. १ ते ४ ना स्टेजखाली, म्हणजे स्लाइड ठेवायच्या पाटाखाली, कंडेन्सर (उजेड गोळा करणारा भाग) आणि पाकळ्यांचा डायफ्राम (उजेडाचं भोक लहान-मोठं करणारा पडदा) आहे. ५ आणि ६ जुन्या धाटणीचे, नुसत्या भोकांच्या फिरत्या चकतीचे. शंभरपटीचं ऑब्जेक्टिव्ह, म्हणजे स्लाइडजवळचं भिंग, फक्त ४ ला. बहुतेकांवर अंबाल्याची पट्टी आहे. हरियाणातलं हे शहर देशभरच्या शाळा-कॉलेजांना शास्त्रीय उपकरणं पुरवत आलंय. क्रमांक १ मधून आज डोकावून पाहिलं, तर दुधी धुक्याशिवाय काही नाही.

१९ जून

धुकं नेमकं कोणत्या काचेवर आहे ते आधी शोधायचं. याची रीत सोपी आहे. आयपीस, म्हणजे डोळ्याजवळचं भिंग, बोटांनी फिरवायचा. डाग त्याच्याबरोबर फिरला तर घाण आयपीसवर. स्लाइड सरकवली आणि डाग सरकला तर स्लाइडवर. कंडेन्सर वर-खाली केल्यावर डाग ठळक-पुसट झाला तर तिथे. यातलं काहीच होत नाही आणि सगळंच चित्र मळकट आहे, तर दोष ऑब्जेक्टिव्हच्या टोकाच्या काचेचा. आयपीस काढून उलटा धरला की तोच चांगला हँडलेन्स होतो, त्यातून ऑब्जेक्टिव्हचं टोक तपासता येतं.

चार ऑब्जेक्टिव्हवर बोटांचे ठसे आणि वाळलेलं तेल होतं. आधी रबरी फुंकणीने धूळ उडवली, कारण धुळीसकट पुसलं की काचेवर ओरखडे येतात. मग लेन्स पुसायच्या कागदाची गुंडाळी, तिच्या टोकाला आयसोप्रोपिल अल्कोहोलचा एकच थेंब, आणि मधून कडेकडे गोल फिरवत हलक्या हाताने पुसणं. झायलीन वापरलं नाही, त्याने भिंगं चिकटवलेला डिंक सुटू शकतो.

क्रमांक ३ चं चाळीसपटीचं भिंग मात्र वाईट अवस्थेत आहे. आत कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढरे धागे पसरलेत. ती बुरशी. कोकणातला चार महिन्यांचा दमटपणा आणि वर बंद लाकडी खोकं, तिला याहून चांगलं घर कुठे मिळणार? तिच्यातून निघणारं आम्ल काचेवरचा लेप खातं, त्यामुळे ती पुसली तरी खुणा राहतात. हे भिंग खोलायचं नाही असं ठरवलं. आतल्या भिंगांमधलं अंतर केसभर जरी बदललं तरी ते कायमचं जाईल.

२२ जून

आजचा दिवस यंत्रभागाचा. नळी वर-खाली करायचा मोठा स्क्रू सहांपैकी चारांत फिरतच नव्हता. आतलं ग्रीस वाळून गुळाच्या पाकासारखं झालेलं. मामांनी रॉकेलमध्ये बुडवलेल्या जुन्या टूथब्रशने दातेरी पट्टी आणि खोबणी घासली, कोरडी केली, आणि पांढऱ्या ग्रीसचा पातळ हात दिला. शिलाई मशीनचं तेल इथे चालत नाही. ते ओघळून खाली येतं आणि थेट भिंगावर बसतं.

क्रमांक २ चा दोष उलटा. स्क्रू सैल, त्यामुळे नळी स्वतःच्या वजनाने खाली उतरत होती. फोकस लागला म्हणेपर्यंत गेलेला. दोन्ही बाजूंच्या मोठ्या चकत्या दोन हातांत धरून एकमेकींच्या विरुद्ध पिळल्या की पकड घट्ट होते. अर्धा मिनिट लागला. एवढ्यासाठी ते यंत्र रजिस्टरात नादुरुस्त म्हणून पडून होतं.

४ जुलै

नववीच्या वर्गात क्रमांक १, २, ४ पहिल्यांदाच नेले. वर्तमानपत्रातलं 'ग' अक्षर कापून स्लाइडवर ठेवलं, चौपट ऑब्जेक्टिव्ह लावलं. अक्षर डोक्यावर उभं आणि डावं-उजवंही फिरलेलं. स्लाइड डावीकडे ढकलली की चित्र उजवीकडे पळतं, म्हणून पहिला तास मुलांचे हात चुकीच्या दिशेलाच गेले. ऑब्जेक्टिव्ह नळीत वर एक उलटी प्रतिमा तयार करतं आणि आयपीस त्या प्रतिमेकडे हँडलेन्ससारखं बघतो. हे फळ्यावर काढलेलं असतं, पण हाताला समजायला एक तास द्यावाच लागतो.

फोटोतल्या एका माणसाच्या गालावर ठेवलं तर नुसते ठिपके. ते पाहायला रांग लागली.

६ जुलै

आजची नोंद सविस्तर करते, कारण गेले तीन आठवडे नडत होतं ते आज सापडलं.

भिंगं स्वच्छ, यंत्र मोकळं, तरीही कांद्याचा पापुद्रा चाळीसपटीला पाहिला की चित्र अंधारं आणि घाणेरडं दिसायचं. मी भिंगांना दोष देत होते. आज शेवटी स्टेजखाली वाकून पाहिलं. चारही यंत्रांचे कंडेन्सर पार तळाला उतरवलेले, डायफ्राम जवळजवळ मिटलेला, आणि आरशाची खोलगट बाजू वर. कोणीतरी कधीतरी उजेड कमी करायला हे केलं असावं आणि तसंच राहिलं.

आरशाला दोन बाजू असतात. खोलगट बाजू स्वतःच उजेड गोळा करते, ती ५ आणि ६ सारख्या कंडेन्सर नसलेल्या यंत्रांसाठी. कंडेन्सर असला की सपाट बाजू लावायची. गोळा करायचं काम त्याचं.

आरसा उलटवला, यंत्र उत्तरेच्या खिडकीकडे तोंड करून ठेवलं. दहापटीचं ऑब्जेक्टिव्ह लावून आयोडीन टाकलेल्या पापुद्र्यावर फोकस घेतला आणि कंडेन्सर हळूहळू वर चढवू लागले. उजेड वाढत गेला. आणि अगदी वर पोचता पोचता पेशींवर दोन-तीन काळ्या जाड रेघा उमटल्या. आधी वाटलं, पापुद्रा दुमडला. मग त्या रेघांच्या मधून काहीतरी हललं. झावळ्या होत्या. खिडकीबाहेर मैदानाच्या कडेला जो माड आहे, त्याच्या झावळ्या कांद्याच्या पेशींवर वाऱ्याने डुलत होत्या, आणि काळ्या रेघा म्हणजे खिडकीचे गज. पेशीच्या भिंती, आयोडीनने पिवळट तपकिरी झालेली केंद्रकं, गज आणि माड, सगळं एकाच वेळी रेखीव.

मुलं सोडतायत होय! एकेकाने पाहिलं. एक मुलगा म्हणाला, "बाई, माड कांद्यात कसा गेला?"

या प्रश्नाचं उत्तर म्हणजेच कंडेन्सर. तो नुसता उजेडाचा नळ नाही, तेही भिंगच आहे, आणि समोरच्या उजेडाची प्रतिमा तो बरोबर स्लाइडच्या पातळीवर पाडतो. खिडकी जिथे रेखीव दिसली, ती त्याची योग्य उंची. माड दिसला म्हणजे कंडेन्सर जागेवर आला. मग तो किंचित, अगदी केसभर, खाली घ्यायचा म्हणजे गज विरघळतात आणि सारखा पांढरा उजेड राहतो. चाळीसपटीला गेलो आणि मला पहिल्यांदाच पेशीच्या कडेचे बारीक कण दिसले. तेच भिंग, तोच पापुद्रा.

दिव्याचा मायक्रोस्कोप असला की ही प्रतिमाच अडचण होते. बल्बची तार चित्रावर दिसते. ऑगस्ट कोहलर यांनी १८९३ मध्ये त्यावर उपाय काढला. दिव्याची प्रतिमा स्लाइडवर न पाडता कंडेन्सरच्या डायफ्रामवर पाडायची. आजही संशोधनातले मायक्रोस्कोप याच रीतीने लावतात. त्याला दिव्यापाशी आणखी एक डायफ्राम लागतो, तो आमच्याकडे नाही. पण पावसाळ्यातलं पांढरं ढगाळ आभाळ म्हणजे प्रचंड मोठी दुधी काच, त्याहून सारखा उजेड विकत मिळत नाही. लाइट गेली तरी आमचं अडत नाही. ऊन पडलं तर मात्र आरसा कधीही सूर्याकडे करायचा नाही, डोळा जाईल. हे वाक्य लाल शाईने लिहून सहाही यंत्रांच्या पायांवर चिकटवलं.

१३ जुलै

डायफ्राम किती उघडायचा हा आजचा विषय. मुलं सगळी एकच चूक करतात, उजेड डोळ्यांवर आला की डायफ्राम मिटतात. मिटला की कडा काळ्या, ठसठशीत दिसतात, त्यामुळे चित्र सुधारल्यासारखं वाटतं. मेलेल्या फुलपाखराच्या पंखावरची पूड घेऊन दाखवलं. डायफ्राम मिटत नेला तसे प्रत्येक खवल्याभोवती दुहेरी-तिहेरी काठ उमटले, जे खवल्यावर नाहीतच. ते प्रकाशाच्या लाटांनी काढलेले आहेत.

योग्य मोजमाप असं : फोकस घ्या, आयपीस काढा, रिकाम्या नळीतून खाली बघा. तळाशी उजेडाची गोल थाळी दिसते. डायफ्राम मिटत आणा. त्याच्या कडेने थाळीचा साधारण पाऊण भाग उजळ राहील इथे थांबा. आयपीस परत घाला. ऑब्जेक्टिव्ह बदललं की हे पुन्हा करायचं. उजेड जास्त वाटला तर आरशासमोर ट्रेसिंग पेपर धरा, डायफ्रामला हात नको.

मग ऑब्जेक्टिव्हवरच्या आकड्यांकडे वळलो. चाळीसच्या खाली ०.६५ कोरलेलं असतं. मुलांना वाटतं पटीचा आकडा मोठा म्हणजे भिंग चांगलं. खरा आकडा हा दुसरा. भिंग केवढ्या रुंद सुळक्यातला उजेड गोळा करू शकतं ते तो सांगतो. ०.१० म्हणजे मधल्या रेघेपासून जेमतेम ६ अंश, ०.६५ म्हणजे ४० अंश. जर्मनीतल्या येना शहरात कार्ल झाइस यांच्या कारखान्यासाठी काम करणाऱ्या एर्न्स्ट आबे यांनी १८७३ मध्ये दाखवलं की दोन ठिपके वेगळे दिसणं या सुळक्यावर आणि प्रकाशाच्या तरंगलांबीवर ठरतं. हिरव्या उजेडात आमच्या दहापटीच्या भिंगाला १.३ मायक्रोमीटरहून (मायक्रोमीटर म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) जवळचे दोन ठिपके वेगळे दाखवता येत नाहीत. चाळीसपटीच्याला अर्ध्या मायक्रोमीटरपर्यंत जाता येतं. आणि हा सुळका पुरता भरायचा तर खालून कंडेन्सरनेही तेवढाच रुंद उजेड द्यायला हवा. डायफ्राम मिटून आपण विकत घेतलेल्या भिंगाचा निम्मा जीव काढून घेतो.

एकाने विचारलं, पंचवीसपटीचा आयपीस लावला तर हजारपट होईल ना? होईल, पण तपशील वाढणार नाही. ०.६५ च्या भिंगाला फार तर साडेसहाशे पट उपयोगाची. त्यापुढे तेच पुसट चित्र नुसतं मोठं होतं.

बाजूला १६० / ०.१७ असंही कोरलेलं आहे. नळीची लांबी १६० मिलिमीटर, कव्हरस्लिपची, म्हणजे स्लाइडवरच्या वस्तूवर ठेवायच्या पातळ काचेची, जाडी ०.१७ मिलिमीटर. चाळीसपटीला कव्हरस्लिप ही सोय नाही, ती भिंगाच्या हिशेबातलीच एक काच आहे. नसेल तर चित्र धुरकट येणारच.

२० जुलै

मोजणी. बारीक मोजपट्टी छापलेली मायक्रोमीटर स्लाइड नाही, म्हणून पारदर्शक प्लास्टिकची पट्टी चौपटीखाली ठेवली. गोल चकतीत साडेचार मिलिमीटर बसले. त्यावरून दहापटीला १.८, चाळीसपटीला ०.४५ मिलिमीटर. कांद्याच्या पेशी दहापटीला आडव्या सात बसल्या, म्हणजे एक पेशी साधारण पाव मिलिमीटर लांब. गालाच्या आतल्या पेशी मिथिलीन ब्लू हा निळा रंग लावून पाहिल्या. चाळीसपटीला साधारण आठ बसतील अशा, म्हणजे ५५ ते ६० मायक्रोमीटर. आकडा स्वतः काढला की जर्नलातली आकृती वेगळीच येते. या खेपेला एकानेही पुस्तकातली आकृती उतरवली नाही.

२७ जुलै

एक स्लाइड फुटली. चाळीसपटीचं भिंग लावून मोठा स्क्रू फिरवला गेला. या भिंगाचं टोक आणि कव्हरस्लिप यांच्यात अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास अंतर असतं. टोकाला स्प्रिंग असते, काचेला टेकलं की ते आत सरकतं, पण क्रमांक १ ची स्प्रिंग जुन्या तेलाने जाम होती. ती माझ्या तपासणीत राहून गेली होती. भिंग वाचलं. ज्या मुलीच्या हातून झालं ती रडायला लागली, तिलाच मी अल्कोहोल आणि कागद देऊन स्प्रिंग मोकळी करायला बसवलं. तिने ती उत्तम केली.

आता नियम : सुरुवात नेहमी लहान भिंगाने. बाजूने बघत भिंग स्लाइडजवळ आणायचं, मग डोळा लावायचा आणि फक्त दूर नेत फोकस शोधायचा. चाळीसपटीला गेल्यावर मोठ्या स्क्रूला हात नाही. दुसरा डोळा मिटायचा नाही; दोन दिवसांत सवय होते आणि डोकं दुखत नाही.

३ ऑगस्ट

आठवड्यापूर्वी भाताचा पेंढा विहिरीच्या पाण्यात भिजत घातला होता. वास उग्र, पण पृष्ठभागावरचा एक थेंब घेतला तर त्यात नुसती गर्दी. लांबट, चपलेच्या आकाराचे जीव गिरक्या घेत पळतात, पेंढ्याच्या काडीला धडकतात, मागे सरतात, वाट बदलतात. नेदरलँड्समधल्या डेल्फ्टच्या लेव्हेनहुकने असे जीव १६७० च्या दशकात पाहिले. त्याच्याकडे स्वतः घासलेलं एकच इवलंसं भिंग होतं, आणि आपण दोन-दोन भिंगं असूनही कपाट उघडत नाही याचं मला आज फार वाईट वाटलं.

हे जीव पारदर्शक, पांढऱ्या उजेडात हरवतात. काळ्या कार्डाची गोल चकती कापून कंडेन्सरखालच्या फिल्टरच्या कड्यात पारदर्शक प्लास्टिकवर मधोमध चिकटवली, डायफ्राम पूर्ण उघडला. मधला उजेड अडला, फक्त कडेचा तिरका उजेड वर येतो आणि तो भिंगात शिरत नाही. जीवावर आपटून वळलेला तेवढाच शिरतो. चकती ८ मिलिमीटरची केली तर पुरली नाही, १४ ची बसली. काळ्याभोर आभाळात चांदीचे जीव. दहापटीपर्यंतच चालतं, चाळीसपटीचा सुळका इतका रुंद की कडेचा उजेडही आत घेतो.

१० ऑगस्ट

पाण्यात दुधाचा थेंब, चाळीसपट. स्निग्धांशाचे बारीक गोल जागच्या जागी थरथरतात. जिवंत आहेत का, असं सगळ्यांनी विचारलं. वनस्पतिशास्त्रज्ञ रॉबर्ट ब्राऊन यांनाही १८२७ मध्ये परागातल्या कणांबद्दल हाच प्रश्न पडला होता, आणि त्यांनी निर्जीव पदार्थांची पूड करून पाहिली, तीही थरथरली. पाण्याचे रेणू धक्के देतात. आज दुसरं काही केलं नाही, तासभर दूधच पाहिलं.

१७ ऑगस्ट

क्रमांक ४ चं शंभरपटीचं भिंग. घरचं दही पाण्यात पातळ करून स्लाइडवर पसरलं, वाळवलं, ज्योतीवरून तीनदा फिरवलं, मिथिलीन ब्लू एक मिनिट, धुतलं. चाळीसपटीला फोकस घेऊन भिंग अर्धवट फिरवलं, मधल्या जागेत तेलाचा एक थेंब, मग शंभरपटीचं त्यात बुडवलं. काचेतून हवेत येताना फार तिरका किरण बाहेरच पडत नाही, आतच परततो. तेलाचा आणि काचेचा अपवर्तनांक जवळजवळ सारखा, १.५२ च्या आसपास, म्हणून किरणाला काच संपली हे कळतच नाही आणि सुळका रुंद राहतो. त्यामुळेच या भिंगावर १.२५ हा आकडा आहे.

निळे गोल दाणे माळेसारखे, जोडीजोडीने, आणि मध्ये काही दंडगोल. मामांनाही बोलावलं. त्यांनी बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, "म्हणजे विरजण हे."

शेवटी भिंग परत फिरवताना चाळीसपटीचं तेलातून गेलं. त्याला तेल चालत नाही. लगेच पुसलं, निघालं. यापुढे तेल लावल्यावर चाळीसकडे वळायचं नाही.

३१ ऑगस्ट

पुढच्या आठवड्यात गणपती. स्थिती अशी : १, २, ४, ५ आणि ६ चालू. ३ ला चौपट आणि दहापट उत्तम, चाळीसपटीचं काढून वेगळ्या डबीत ठेवलं, म्हणजे इतर भिंगांजवळ बुरशी नको. नववीच्या सगळ्यांची आकृती जर्नलात आहे.

लाकडी खोकी वापरायची नाहीत. सहाही यंत्रं कापडी टोप्या घालून काचेच्या कपाटात ठेवली, ऑब्जेक्टिव्ह सिलिका जेलच्या घट्ट झाकणाच्या डब्यात. दाणे निळे असले की कोरडे. गुलाबी झाले की कढईत मंद आचेवर परत निळे होईपर्यंत भाजायचे. ती कढई स्वयंपाकाला परत वापरायची नाही, त्या रंगातलं कोबाल्ट विषारी आहे. कपाटाच्या तळाशी मामांनी १५ वॅटचा जुना तारेचा बल्ब बसवलाय, तो पाऊस संपेपर्यंत जळत राहील.

रजिस्टरातल्या पाच शेऱ्यांवर रेघ मारून सही केली. सुट्टीत किल्ली मामांकडे आहे. स्प्रिंग मोकळी करणाऱ्या मुलीने ती मागितली आहे. तिला घरच्या विहिरीतलं शेवाळ बघायचंय.